लेक्चररचा स्वतःवरचा भरवसा आणि खाजगी विद्यापीठातली सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाजगी विद्यापीठात शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली, आणि नवीन लागलेल्या लेक्चरर लोकांना हाताशी धरून तयार करायचं कामही आता माझ्याकडेच असतं. त्यात लेक्चररचा स्वतःवरचा भरवसा आणि त्याच्याकडून विद्यार्थ्यांना मिळणारी सेवा यांबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, नव्यांकडून, एचओडींकडून म्हणजे विभागप्रमुखांकडून, कधी पालकांकडून, आणि याच विषयावर प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून तर फारच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

स्वतःवरचा भरवसा म्हणजे आत्मविश्वासच ना?

जवळपास, पण अगदी तोच नाही. आत्मविश्वास हा शब्द आपण फार ढोबळ वापरतो, माणूस ऐटीत चालला, मोठ्याने बोलला की झाला आत्मविश्वासू. इथे ज्याबद्दल बोलतोय त्याला मानसशास्त्रात सेल्फ-एफिकसी म्हणतात आणि अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मधे ही कल्पना नीट मांडली. तिचा अर्थ इतकाच, की हे ठराविक काम ह्या ठराविक परिस्थितीत मला करता येईल अशी मनातून वाटणारी खात्री. बंडुरांनी सापाचा धसका घेतलेल्या लोकांवर प्रयोग केले होते, म्हणजे एकेक पायरी करत त्यांना सापाच्या जवळ नेऊन शेवटी हातात धरायला लावायचं, आणि त्यात दिसलं की "मला हे जमेल" हे माणसाला जितकं आतून वाटतं त्यावरून तो पुढे कितपत जाईल हे बऱ्यापैकी ओळखता येतं.

वर्गाचंही तसंच आहे. एखादे सर स्टेजवर दोन तास बिनधास्त बोलतात, पण मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला विषयात ओढून आणायचं म्हटलं की त्यांना वाटतं हे आपल्या हातातलं नाही. म्हणजे आत्मविश्वास भरपूर आणि त्या एका कामापुरती एफिकसी कमी. शिवाय ती विषयागणिक बदलते, अकाउंट्स शिकवताना वाघ असलेला माणूस इकॉनॉमेट्रिक्स दिलं की आवाज खाली आणतो.

सर्व्हिस क्वालिटी हा शब्द शिक्षणाला लावायचाच कशाला? विद्यार्थी काय गिऱ्हाईक आहे?

हा राग मला समजतो आणि थोडा माझाही आहे. विद्यार्थी गिऱ्हाईक नाही, कारण गिऱ्हाईकाला नापास करता येत नाही. पण तो फी भरून येतो, त्याच्या आयुष्यातली काही वर्षं तो आपल्या हवाली करतो, तेव्हा पेपर वेळेत तपासून मिळाले का, शंका विचारायला गेलं तर सर जागेवर असतात का, असं विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. एवढ्यापुरता शब्द मला मान्य आहे.

हा विषय आला मार्केटिंगमधून. परशुरामन, झाइथमल आणि बेरी या तिघांनी 1985 मधे असं मांडलं की लोकांची अपेक्षा आणि त्यांना प्रत्यक्ष मिळालेला अनुभव यातलं अंतर म्हणजे सेवेची गुणवत्ता, आणि 1988 मधे त्यांनी 22 विधानांची सर्व्हक्वाल नावाची मोजपट्टी आणली. तिच्यात पाच गोष्टी बघतात : डोळ्यांना दिसणाऱ्या सोयी, दिलेला शब्द पाळणं, तत्परता, समोरच्याला खात्री वाटेल असं ज्ञान आणि वागणं, आणि आपुलकीने लक्ष देणं. ही पट्टी बँका, दुरुस्ती सेवा अशांवर बेतलेली होती, म्हणून पुढे मलेशियात फिरदौस अब्दुल्ला यांनी 2006 मधे खास उच्च शिक्षणासाठी 41 विधानांची हेडपर्फ नावाची पट्टी केली.

आता त्या पाच गोष्टी परत वाचा. इमारत, लॅब, प्रोजेक्टर हे पहिल्या एकीतच संपलं, उरलेल्या चार माणसाच्या वागण्यात आहेत आणि विद्यार्थ्यासाठी तो माणूस बहुतेक वेळा लेक्चररच असतो.

पण लेक्चररच्या मनात काय चाललंय याचा सेवेशी संबंध येतो कुठे?

एक प्रसंगच सांगते. एका तरुण लेक्चररचं लेक्चर बघायला मी मागे बसले होते. स्टॅटिस्टिक्स हा त्याचा मूळ विषय नाही, टर्म सुरू व्हायच्या पाच दिवस आधी त्याच्या गळ्यात पडलेला. फळ्यावर व्हेरियन्सचा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते मोजायचा फॉर्म्युला लिहून झाला आणि एका मुलीने विचारलं, "सर, सरासरी काढताना एन ने भागतो, मग इथे एन वजा एक ने का?" (एन म्हणजे एकूण आकडे किती ते.) तो क्षणभर थांबला, फळ्याकडे वळला, अर्धा रिकामाच असलेला फळा पुसायला लागला आणि पाठमोराच म्हणाला, "फॉर्म्युला तसाच आहे, परीक्षेत तसाच लिहायचा, पुढे जाऊ." मुलीने पेन खाली ठेवलं. त्या तासाला नंतर एकानेही काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच्याकडे तोच विषय ठेवला, मी त्यासाठी भांडले होते. मुलं नवी, पण खोली तीच, प्रोजेक्टरही तोच. प्रश्न पुन्हा आला, कारण तो येतोच. यावेळी तो मुलांकडे तोंड करून म्हणाला, "पाच आकडे आहेत, सरासरी 10 ठरलेली आहे, चार आकडे तुम्ही वाट्टेल ते सांगा." मुलांनी 8, 12, 9, 15 सांगितले. त्याने फळ्यावर लिहिलं, बेरीज 44. "आता पाचवा आकडा कोण ठरवणार?" वर्ग एक सेकंद गप्प, मग दोन-तीन आवाज आले की कोणीच नाही, तो 6 च येणार. "म्हणजे मोकळे आकडे किती?" चार. मग त्याने सांगितलं की सरासरी त्याच आकड्यांतून काढली की फरक थोडे कमी दिसतात आणि मोकळे आकडे जितके तितक्याने भागलं की ती तूट भरून निघते. पुढे म्हणाला, "याचं पूर्ण प्रूफ मला आत्ता उभ्या उभ्या मांडता येणार नाही, गुरुवारी आणतो." आणि गुरुवारी आणलं.

त्या चार गोष्टी इथे मोजून बघा. प्रश्नाला लगेच हात घातला, समोरच्यांना वाटलं की ह्या माणसाला कळतंय, विचारणाऱ्याचा प्रश्न महत्त्वाचा मानला, आणि गुरुवारचा शब्द पाळला. वर्षभरात विद्यापीठाने एक खुर्चीसुद्धा बदललेली नव्हती. मला सगळ्यात जास्त काय भावलं तर ते "आत्ता येत नाही" हे वाक्य, कारण ज्याचा पाया डळमळीत असतो त्याला ते उच्चारताच येत नाही, तो वेळ मारून नेतो. वर्षभर तो विषय पचवल्यावर त्याला माहीत होतं की गुरुवारपर्यंत आपण हे शोधून, समजून आणू शकतो, म्हणून कबूल करायला भीती वाटली नाही.

गिब्सन आणि डेम्बो यांनी 1984 मधे शाळेतल्या शिक्षकांची वर्गात बसून निरीक्षणं केली होती, शिक्षक थोडेच होते पण फरक बोलका आहे. मुलाचं उत्तर चुकलं की भरवसा असलेले शिक्षक त्याच मुलाला उपप्रश्न विचारत योग्य उत्तरापर्यंत आणायचे, आणि भरवसा कमी असलेले पटकन दुसऱ्याला उभं करायचे किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे व्हायचे. हे वाचल्यापासून कुठल्याही लेक्चरला बसले की मी आधी तेच बघते, चुकलेल्या मुलाबरोबर हा माणूस किती वेळ थांबतो.

हे तर कुठेही लागू होईल, खाजगी विद्यापीठांचं वेगळं काय?

वेगळं आहे ते दडपण. खाजगी विद्यापीठ मुख्यतः फीवर चालतं, त्यामुळे अॅडमिशन कमी झाल्या की त्याची झळ थेट स्टाफरूमपर्यंत येते. बरेच लेक्चरर कंत्राटावर किंवा तासिका तत्त्वावर असतात, पुढच्या टर्मला आपण इथे असू का हेच माहीत नसतं, त्यात अॅडमिशनच्या दिवसांत फोन करायची ड्यूटी, कार्यक्रमांची ड्यूटी, फाइली, आणि दर टर्मला नवा विषय कारण जो गेला त्याचा कोणाला तरी घ्यावाच लागतो. अशा माणसाला "मी हे चांगलं करू शकतो" असं वाटायला लागणारा वेळच मिळत नाही. विषय हातात बसायला लागतो आणि तो बदलतो.

दुसरी बाजूही आहे, ती सांगायलाच हवी. खाजगी ठिकाणी निर्णय पटकन होऊ शकतात. डीनच्या मनात आलं तर पुढच्या टर्मपासून विषय वाटपाची पद्धत बदलता येते, नवा कोर्स सुरू करता येतो, तरुण माणसाला लॅबची पूर्ण जबाबदारी देता येते. ज्या विभागात हे होतं तिथली माणसं फार लवकर उभी राहतात.

स्वतःवर जास्तच भरवसा असलेले सर तर सगळ्यात वाईट शिकवतात, त्याचं काय?

असे असतात, मान्य. 1999 मधे क्रूगर आणि डनिंग यांच्या अभ्यासात चाचणीत सगळ्यात खालच्या चौथाई गटातल्या लोकांनी आपण साधारण 62 व्या पर्सेंटाइलला, म्हणजे शंभरातल्या 62 जणांच्या पुढे आहोत असं सांगितलं, आणि प्रत्यक्षात ते होते 12 व्या. म्हणजे वाटणं आणि येणं यात इतकं अंतर पडू शकतं.

आणि विद्यार्थीही फसतात. 1973 मधे प्रसिद्ध झालेला डॉक्टर फॉक्स प्रयोग फार सांगण्यासारखा आहे. एका नटाला तज्ञ म्हणून उभं केलं, विषय दिला गणिती गेम थिअरी आणि डॉक्टरांचं शिक्षण, आणि मुद्दाम अर्थ नसलेलं, उलटसुलट पण रुबाबदार भाषण करायला सांगितलं. ऐकणारे मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र अशा क्षेत्रातले शिकलेले लोक, आणि त्यांनी त्या भाषणाला चांगलं रेटिंग दिलं.

म्हणून मी नव्यांना सांगते की भरवसा "मी भारी आहे" असा ठेवू नका, "मुलांना हे कळेपर्यंत मी मार्ग शोधत राहीन" असा ठेवा. पहिल्या प्रकारचा माणूस वर्गाला कळलं नाही तर वर्गालाच दोष देतो, दुसऱ्या प्रकारचा घरी जाऊन उदाहरण बदलतो.

हा भरवसा मोजता येतो का?

येतो. चानन-मोरान आणि वूलफोक हॉय या दोघींची 2001 ची प्रश्नावली सगळ्यात जास्त वापरली जाते, 24 प्रश्नांची मोठी आणि 12 ची छोटी, प्रत्येक प्रश्नाला 1 ते 9 मधे उत्तर. तीन भाग आहेत, मुलांना गुंतवून ठेवणं, शिकवायच्या पद्धती आणि वर्ग सांभाळणं. ती शाळेच्या शिक्षकांसाठी केलेली आहे हे लक्षात ठेवा, विद्यापीठात वापरायची तर प्रोजेक्ट गाइड करणं, असाइनमेंटवर शेरे देणं अशी कामं तिच्यात येत नाहीत.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. ही प्रश्नावली अप्रेझलला, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनाला जोडू नका. पगारवाढ अवलंबून असेल तर कोण लिहील की मला वर्ग सांभाळता येत नाही? सगळे 9 लिहितील आणि ज्याला मदत हवी तोच लपून बसेल.

आमच्याकडे विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म घेतात, तेवढं पुरत नाही का?

फॉर्म घ्या, पण त्यावरून माणसाचा निकाल लावू नका. कारणं ठोस आहेत. 2019 मधे हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या तासाला मुलांना स्वतः डोकं चालवायला लावलं तिथे ती जास्त शिकली पण त्यांना वाटलं की आपण कमी शिकलो, आणि सफाईदार भाषण ऐकलेल्यांना उलट वाटलं. 2015 मधला अजून एक, ऑनलाइन कोर्समधे एकाच शिक्षकाला काही गटांना पुरुषाच्या नावाने आणि काहींना बाईच्या नावाने दाखवलं, पेपर परत द्यायची वेळ सगळ्यांना सारखीच ठेवली, तरी तत्परतेचे मार्क पुरुषाच्या नावाला जास्त पडले.

फॉर्म हातात देण्याची पद्धतही बघा. माझ्या सुरुवातीच्या एका नोकरीत टर्म संपल्यावर सगळ्यांचे आकडे नोटीस बोर्डवर लावायचे, नावासकट, वरून खाली. माझं नाव खालून तिसरं होतं. पुढची पूर्ण टर्म मी एकही अवघड प्रश्न वर्गात घेतला नाही, सोपं सोपं शिकवलं, नोट्स दिल्या, आणि आकडा वर गेला. मुलांचं त्यात नुकसान झालं आणि ते मला आजही टोचतं. तोच फॉर्म एखाद्या सीनियरने शेजारी बसून वाचला असता, "हे तीन शेरे सारखेच आहेत बघ, तू फार भराभर जातेस", असं म्हटलं असतं, तर मी वेग कमी केला असता, विषय पातळ केला नसता.

मी नवीन आहे, वर्गात जायच्या आधी पोटात गोळा येतो. काय करू?

आधी हे ऐका की पोटात गोळा येणं म्हणजे आपल्याला येत नाही असं नाही. बंडुरांनी भरवसा कुठून येतो याचे चार झरे सांगितलेत आणि त्यातला एक शरीराचाच आहे, धडधड झाली की आपण तिचा अर्थ काय लावतो तो. "मला काम महत्त्वाचं वाटतंय म्हणून होतंय" असा लावला तर ती तितकी आडवी येत नाही.

सगळ्यात मोठा झरा म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. तो छोटा करून घ्या. अख्खं सेमिस्टर सुधारायला जाऊ नका, एक टॉपिक घ्या, समजा वीस मिनिटांचा, तो इतका तयार करा की कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, त्यावर मुलं कुठे चुकतील ते आधीच लिहून ठेवा. ती वीस मिनिटं चांगली गेली की दुसरा टॉपिक. तिसरा झरा बघण्यातून येतो, पण फार नामांकित प्राध्यापकाचं लेक्चर बघून माणूस अजून खचतो, म्हणून तुमच्यापेक्षा दोनच वर्षं पुढे असलेल्या कोणाच्या तरी वर्गात मागे जाऊन बसा. तो अडखळतो कसा आणि सावरतो कसा ते बघायला मिळेल. चौथा म्हणजे कोणी पाठीवर ठेवलेला हात, आणि तो नुसत्या "छान झालं हं" ने होत नाही. "तू दुसऱ्या उदाहरणाला थांबलीस आणि विचारलंस तेव्हा वर्ग जागा झाला", असं नेमकं सांगणारा माणूस शोधा.

ट्रेनिंग, वर्कशॉप, मोटिव्हेशनल लेक्चर यांचा उपयोग होतो का?

एक दिवसाच्या मोटिव्हेशनचा जवळजवळ नाही, दोन दिवसांत उतरतं. 2009 च्या एका अभ्यासात शिक्षकांना नवीन पद्धत चार प्रकारे शिकवली, नुसती माहिती, माहिती आणि प्रात्यक्षिक, वर सरावही, आणि शेवटच्या गटाला याशिवाय वर्गात येऊन मदत करणारा कोच. भरवसा सगळ्यात जास्त वाढला तो कोचवाल्या गटाचा. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही, नवीन गोष्ट पहिल्यांदा वर्गात केली की ती बहुतेक वेळा फसते आणि नेमकं त्याच वेळी शेजारी कोणी नसेल तर माणूस जुन्या पद्धतीवर परत येतो, वर "आपल्याला हे जमत नाही" असा शिक्का स्वतःवर मारून घेतो.

मॅनेजमेंटला एकच गोष्ट करायची असेल तर कुठली?

विषय निदान तीन वर्षं एकाच माणसाकडे राहू द्या. आणि वाटप टर्मच्या दोन महिने आधी करा. याला वेगळं बजेट लागत नाही, फक्त आधी टाइमटेबलला बसावं लागतं. एकचा हट्ट सोडला तर अजून दोन सांगेन : अॅडमिशनच्या ड्यूट्या शिकवायच्या वेळेतून बाहेर काढा, आणि मुलाने तक्रार केली की आधी लेक्चररला बोलावून त्याचं ऐका, मुलासमोर त्याला झापू नका. एकदा वर्गासमोर पडलेला माणूस त्या वर्गापुरता तरी लवकर उभा राहत नाही.

वीस वर्षं शिकवणारे आमचे एक सर हल्ली नुसत्या पाट्या टाकतात. त्यांचा भरवसा कुठे गेला?

बहुतेक थकव्यात गेला. मास्लाक आणि जॅक्सन यांनी 1981 मधे बर्नआउटची तीन लक्षणं मोजायची पट्टी दिली, भावनिक थकवा, समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. हे शेवटचं म्हणजे आपण ज्याबद्दल बोलतोय त्याचीच उलटी बाजू. अशा माणसाला आळशी म्हणून बाजूला टाकू नका. एका सीनियर सरांना आम्ही नव्या लागलेल्या दोन लेक्चरर मुलींना विषय समजावून सांगायचं काम दिलं, वर्गाचा भार थोडा कमी करून, आणि काही आठवड्यांत ते स्वतःच्या जुन्या नोट्स काढून परत लिहायला लागले. सगळ्यांच्या बाबतीत असं होईल असं मी म्हणणार नाही.

ऑनलाइन लेक्चरमधे फरक पडतो का?

पडतो. चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे जमतंय की नाही हे कळायचा रस्ताच बंद होतो आणि चांगला अनुभवी माणूसही बिचकतो. दर दहा मिनिटांनी चॅटमधे एक छोटं उत्तर लिहायला सांगा, तेवढ्याने बराच धीर येतो.

याच विषयावर प्रोजेक्ट किंवा पीएचडी करतोय, काय सांभाळू?

भरवसा आणि सेवा दोन्हीची उत्तरं एकाच लेक्चररकडून घेऊ नका, ही चूक मी सारखी बघते. स्वतःला चांगलं समजणारा स्वतःच्या सेवेलाही चांगलेच मार्क देणार, मग दोन्हींत आलेलं कोरिलेशन, म्हणजे एक वाढलं की दुसरंही वाढतं असा दिसणारा संबंध, कशाचा? भरवसा लेक्चररला विचारा, सेवा त्याच्या विद्यार्थ्यांना, आणि जमलं तर पेपर किती दिवसांत परत मिळाले अशी एखादी नोंद स्वतः करा. शिवाय बाण उलटाही जातो, मुलं चांगली असली, प्रतिसाद मिळाला की लेक्चररचा भरवसा वाढतो, म्हणून एकदाच फॉर्म भरून "याच्यामुळे ते होतं" असं लिहू नका, टर्मच्या सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा तरी मोजा. अपेक्षा आणि अनुभव असे दोन्ही संच भरून घेताना लोक कंटाळतात, क्रोनिन आणि टेलर यांनी 1992 मधे फक्त अनुभव विचारणारी सर्व्हपर्फ नावाची पट्टी मांडली, ती विद्यार्थ्यांसाठी सोपी पडते.

आम्ही विद्यार्थी आहोत, आमच्या हातात काही आहे का?

आहे, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. लेक्चररला आपण जमवतोय की नाही हे मुख्य कळतं ते तुमच्याकडून. कळलं तर मान हलवा, नाही कळलं तर कुठपर्यंत कळलं ते सांगा, "सर काहीच नाही कळलं" पेक्षा "दुसऱ्या ओळीपर्यंत कळलं" याने माणसाला पुढचं पाऊल दिसतं. आणि सरांनी "गुरुवारी सांगतो" म्हटलं असेल तर गुरुवारी आठवण करा. त्या एन वजा एक वाल्या वर्गात दुसऱ्या वर्षी एका मुलाने तास सुरू व्हायच्या आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, "आज प्रूफ". सर आत आले, ते वाचलं, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.